जास्तीचा रविवार

बेसबॉल या खेळाशी माझी ओळख बरगडीतून झाली. जर्मनीतल्या मॅनहाइमच्या बाहेर अमेरिकन छावणीचं एक मैदान होतं. एका रविवारी दुपारी मी तिथे कुंपणाला टेकून सिगारेट पेटवत होतो, आणि कुणीतरी तिरका टोलवलेला चेंडू सरळ येऊन माझ्या छातीत बसला. श्वास अडकला, गुडघे जमिनीला लागले. मैदानातून एक आडदांड माणूस तोंडावरची लोखंडी जाळी वर सारत धावत आला. मला वाटलं, विचारपूस करायला आला. त्याने माझ्या पायाशी पडलेला चेंडू उचलला, मागे फेकला आणि मग विचारलं, "मोडली का?"

मी सांगलीचा. शिवी तोंडात तयारच असते. मी ती मराठीत आणि सविस्तर घातली, आणि तेवढ्यावर समाधान होईना म्हणून गवतात पडलेला दुसरा एक चेंडू उचलून होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या पाठीवर फेकला. नेम चुकला. चेंडू अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या टोकाच्या खेळाडूकडे गेला. तो माणूस थांबला, चेंडू कुठवर पोचला ते त्याने पाहिलं आणि म्हणाला, "आल्झो, बरं तर, पुढच्या रविवारी ये. जुने बूट घालून ये."

ते आमचे माइस्टर. खाटीक होते. जर्मनीत खाटकालाही परीक्षा देऊन उस्ताद व्हावं लागतं, आणि एकदा झाला की सगळं गाव त्याला माइस्टरच म्हणतं. त्यांचा डावा डोळा दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळूत गेला होता. तिथेच ते पकडले गेले आणि कैदी म्हणून अमेरिकेत नेले गेले. छावणीतले पहारेकरी संध्याकाळी बेसबॉल खेळत, त्यांना माणसं कमी पडत, म्हणून कैद्यांना घेत. घरी परतले ते एक काचेचा डोळा आणि हा खेळ घेऊन. काचेचा डोळा खऱ्या डोळ्यापेक्षा जरा फिका निळा होता. नवीन माणूस भेटला की तो कुठल्या डोळ्याकडे बघावं या पेचात पडायचा, आणि माइस्टर त्याला मुद्दाम त्या पेचात ठेवायचे.

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं, बायको सांगलीहून आली, आणि माइस्टरांच्या दुकानावरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. माझी डॉक्टरेट चालली होती धातूच्या थकव्यावर. म्हणजे लोखंड एका दणक्यात मोडत नाही तेव्हा लहान लहान दणक्यांनी कसं मोडतं, ते बघायचं. आठवडाभर मी प्रयोगशाळेत सळया मोडायचो, खाली माइस्टर हाडं फोडायचे, आणि रविवारी आम्ही दोघं मिळून माणसं फोडायला जायचो. हे मी थट्टेने लिहितो आहे असं वाटेल. तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना तसं वाटणारच.

आमच्या विभागातले संघ म्हणजे ट्राम हाकणारे, बिअर भरणारे, ऱ्हाइनच्या धक्क्यावर माल उतरवणारे हमाल. लढाई संपून वीस-बावीस वर्षं झाली होती, पण या लोकांचे हात अजून थंड झाले नव्हते. बुटांना खालून लोखंडी दाते असत. धावणारा बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, घसरत यायचा तो पाय वर करून, समोरच्याच्या पोटऱ्या फाडत. मी दोनदा टाके घेतले. मी एकाचे पुढचे दात पाडले, आणि त्यानेच सामन्यानंतर रक्ताळल्या तोंडाने माझ्यासाठी बिअर मागवली. मला हे सगळं मनापासून आवडायचं. प्रयोगशाळेत सगळे एकमेकांशी इतकं अदबीने बोलत की रविवारी कुणीतरी अंगावर धावून आलं की बरं वाटायचं.

माइस्टर खेळायचे कॅचरच्या जागी. आपल्या यष्टिरक्षकासारखंच काम; फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं. पण एक फरक आहे आणि या हकिगतीत तोच महत्त्वाचा आहे. धावणारा तीन बेस फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो, त्या जागेला घर म्हणतात, आणि त्या घराच्या दारात कॅचर उभा असतो. हातात चेंडू घेऊन त्याने धावणाऱ्याला टेकवला तर तो बाद. पण टेकवताना चेंडू हातातून निसटला तर बाद नाही. म्हणून धावणारा काय करतो, तर कॅचरला सरळ धडक मारतो. नियमाने मारतो. आणि तो नेहमी येतो कॅचरच्या डाव्या बाजूने.

माइस्टरांना डावीकडे काहीच दिसत नव्हतं. त्यावर संघाने एक तोड काढली होती. तिकडून कुणी येतो आहे असं दिसलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "लिंक्स", म्हणजे डावीकडे. काही मोसम ते चाललं. मग प्रतिस्पर्ध्यांना ते कळलं आणि त्यांचे प्रेक्षक उठसूट "लिंक्स, लिंक्स" करू लागले. माइस्टर उगाच वळायचे आणि लोक हसायचे. मला राग आला. मी म्हटलं, माझ्या भाषेतला शब्द घ्या, बघू कोण नक्कल करतं. तेव्हापासून मॅनहाइमचे बेकरीवाले आणि गवंडी गळ्याच्या शिरा ताणून "डावी" असं ओरडायला लागले. ड त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, पण माइस्टरांना पुरेसं होतं. मधमाश्यांसारखा गोंगाट असला तरी तेवढा एक शब्द त्यांच्या कानात बरोबर शिरायचा.

आता त्यांच्या बायकोबद्दल. मी त्यांना मनात खाटकीणबाई म्हणायचो, आमची ही त्यांच्या तोंडावरही म्हणायची, कारण अर्थ त्यांना कळत नव्हता. हिने आयुष्यात मांसाला हात लावला नव्हता, आणि दोघींची मैत्री अशी की संध्याकाळी खालच्या स्वयंपाकघरात एकीकडे सॉसेजची कढई आणि दुसरीकडे आमचं वरण एकाच शेगडीवर उकळायचं. दोघी मिळून आम्हा नवऱ्यांना अर्ध्या जर्मनमध्ये, अर्ध्या मराठीत नावं ठेवायच्या.

अडुसष्ट सालच्या वसंतात सरावात एक चेंडू जाळीखालून शिरला आणि माइस्टरांच्या चांगल्या डोळ्याखाली बसला. डोळा सुजून मिटला. सूज उतरेपर्यंत ते पूर्ण आंधळे होते. खाटकीणबाईंनी त्यांना चमच्याने भरवलं, दाढी केली, संडासापर्यंत हात धरून नेलं. त्या दिवसांत माइस्टर एकदा जिन्यावरून पडले, आणि पडल्यावर मदतीला हाक न मारता तिथेच पायरीवर बसून राहिले. खाटकीणबाईंना ते तिथे सापडले. सूज उतरली त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. बाई म्हणाल्या, "हा मोसम खेळा. मोसमातला शेवटचा सामना झाला की जाळी, हातमोजा सगळं माझ्या हातात द्यायचं. एकच डोळा आहे. तो तुमचा एकट्याचा नाही."

माइस्टरांनी टेबलावरून हात पुढे केला, बाईंनी तो धरला. खाटीक लोक गुरांचा सौदा असा करतात. हात दिला की कागद लागत नाही. वर आल्यावर ही म्हणाली, "अहो, त्यांनी हात दिलाय. आता काही काळजी नाही." मलाही तसंच वाटलं.

मोसम चांगला गेला. आम्ही दुसरे आलो. पहिले आले बंदरावरचे हमाल. दोन्ही सामन्यांत त्यांनी आम्हाला झोडपलं होतं, धावांनीही आणि हातांनीही. चालत आलेला नियम असा की आपल्या विभागातला पहिला आणि उत्तरेकडच्या विभागातला पहिला, या दोघांत अंतिम सामना. बाकीच्यांनी घरी बसायचं. आमचा शेवटचा सामना झाला त्या संध्याकाळी खाटकीणबाईंनी बटाट्याचं सॅलड केलं, टेबलक्लॉथ घातला आणि हिला साडी नेसून यायला सांगितलं. त्यांच्या घरात लढाईनंतर पहिल्यांदाच एवढा आनंद आला, असं त्या हिला म्हणाल्या.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात तिकडे अमेरिकेत ठरलं की व्यावसायिक बेसबॉलमध्ये पुढच्या वर्षीपासून दोनाऐवजी चार संघांना शेवटच्या फेरीत घ्यायचं. ही बातमी आमच्याकडे आणली सार्जंटने. हा छावणीतला एक काळा अमेरिकन, उंच, मृदू बोलणारा; आमच्या सामन्यांत पंच असायचा. त्याला स्वतःला हा बदल पटला होता. तो म्हणायचा, "आमच्याकडे ऑगस्टमध्येच कळतं कोण जिंकणार. मग उरलेल्या गावांत लोक मैदानाकडे फिरकत नाहीत. आशा वाटली पाहिजे ना सगळ्यांना." आमच्या विभागातल्या उत्साही मंडळींना वाटलं, अमेरिका पुढच्या वर्षी करणार तर आपण याच वर्षी करावं. पहिल्या आणि दुसऱ्या संघात एक सामना घ्यावा आणि जिंकेल त्याने अंतिमला जावं. मोसम संपल्यावर मोसमाचा नियम बदलायचा, हे फक्त अतिशहाण्या माणसांनाच सुचू शकतं.

सभा एका खानावळीच्या मागच्या दालनात भरली. जर्मनीत चार माणसं जमली की मंडळ होतं आणि मंडळ झालं की मतदान होतं. आमच्याकडून माइस्टर आणि मी गेलो. हमालांचा पुढारी उठला. हा त्यांचा सर्वांत दांडगा खेळाडू, मान नावाचा अवयव नसलेला. तो म्हणाला, "एप्रिलपासून आम्ही सगळ्यांना हरवलं. आता ज्यांना दोनदा हरवलं त्यांना तिसऱ्यांदा हरवायचं, आणि त्या दिवशी पाय घसरला तर सगळा मोसम वाया. कशासाठी?"

माझ्या मते त्याचं शंभर टक्के खरं होतं, आणि मला खरं ऐकलं की गप्प बसवत नाही. मी आमच्याच संघाच्या विरुद्ध उठून बोललो. म्हटलं, दुसरा तो दुसरा. त्याला आणखी एक संधी दिलीत तर उद्या तिसरा मागेल, परवा चौथा. मोसमभर जे सिद्ध झालं ते एका दुपारवर टाकायचं असेल तर मोसम खेळायचाच कशाला. आणि म्हटलं, मी लोखंड मोडतो, मला ठाऊक आहे. सळई मोडते ती शेवटच्या दणक्याने नाही, आधीच्या सगळ्यांनी. आपली माणसं आता सगळी तडकलेली आहेत. आणखी एक दणका देऊ नका.

एवढं म्हणेपर्यंत ट्रामवाल्यांपैकी कुणीतरी माझ्यावर बिअरचा मग फेकला. रिकामा नव्हता. तो कपाळाला लागला आणि मी टेबलावर चढलो. पुढचं मला तुटक आठवतं. माझ्या हातात खुर्चीचा पाय होता. हमालांचा तो पुढारी माझ्या बाजूने लढत होता, आणि आम्ही दोघांनी पाठीला पाठ लावून बऱ्याच जणांना झोडलं. माइस्टर कोपऱ्यात बिअर सांभाळत बसले होते. धूळ खाली बसल्यावर, ओठ फाटलेले आणि नाकं गळणारी मंडळी परत आपापल्या खुर्च्यांवर बसली आणि शिस्तीत मतदान झालं. बरोबरी झाली. राहिलं होतं आमच्या संघाचं मत. ते माइस्टरांनी द्यायचं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगल्या डोळ्याने पाहिलं. मला वाटलं, ते टेबलावरून दिलेला हात आठवताहेत. मग त्यांनी तोच हात वर केला, बदलाच्या बाजूने.

घरी जाताना मी त्यांना वाटेल तसं बोललो. ते शांत होते. म्हणाले, "कैदेत असताना आम्ही कुंपणाच्या आतून बघायचो. पहारेकऱ्यांचा अंतिम सामना असायचा तेव्हा कैद्यांना घेत नसत. बाकी सगळे सामने खेळून घ्यायचे. मी अंतिम सामन्यात आजवर उभा राहिलेलो नाही. एकदा राहायचं आहे." मी विचारलं, "आणि बाईंना काय सांगणार?" ते म्हणाले, "मोसम संपलेला नाही, एवढंच. शेवटचा सामना व्हायचाय." हात दिलेला माणूस असा अडून बसेल हे मला खरं वाटेना.

खाटकीणबाईंनी ऐकून घेतलं. कढईत सॉसेजचं पाणी उकळत होतं. त्यांनी खुंटीवरचा माइस्टरांचा कातडी हातमोजा काढला आणि त्या पाण्यात सोडला. झाऱ्याने तो तळाशी दाबून धरला, वाफेने हात भाजेपर्यंत. माइस्टर त्यांना बाजूला सारायला गेले तर त्यांनी तोच झारा त्यांच्या खांद्यावर हाणला. माझी बायको मधे पडली नसती तर आणखी हाणला असता. माइस्टरांनी मार खाल्ला, शर्टाखाली फोड आले, आणि दुसऱ्या दिवशी सार्जंटकडून हातमोजा मागून आणला.

त्या जास्तीच्या रविवारी मैदानावर कधी नव्हती एवढी गर्दी होती. या बाबतीत सार्जंटचं म्हणणं खोटं नव्हतं. छावणीतले शिपाई आले होते, बायकामुलं आली होती, कुणीतरी पिंपातून बिअर आणली होती. खाटकीणबाई आल्या नाहीत. आमची ही आली, लोकरी कोटाखाली साडी, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, आज जरा त्यांच्याजवळ राहा." मी म्हटलं, माझी जागा उजवीकडे लांब, जवळ कसा राहणार. ती म्हणाली, "मग ओरडा तरी मोठ्याने."

हमाल पेटून आले होते. त्यांचं हक्काचं ताट आमच्यामुळे मागे ओढलं गेलं होतं. पहिल्या चेंडूपासून त्यांनी माणसांवर खेळ केला. त्यांच्या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, आमच्या बेकरीवाल्याच्या कानशिलात चेंडू मारला. तो पडला, उठला, आणि दुसऱ्या बेसवर जाऊन त्याने एकाच्या घोट्यावर उडी मारली. आमच्या गवंड्याचं बोट उलटं वळलं. त्याने ते स्वतःच ओढून सरळ केलं आणि फडक्याने बांधलं. सार्जंट दोन्ही संघांना समजावून थकला. ऊन तिरपं झालं तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो आणि त्यांचा एकच माणूस बाद करायचा उरला होता. दुसऱ्या बेसवर त्यांचा तो पुढारी उभा होता.

फलंदाजाने चेंडू माझ्याकडे मारला. जमिनीवरून, वेगात. मी पुढे धावत तो उचलला तेव्हा पुढारी तिसरा बेस ओलांडून घराकडे वळला होता. मान खाली, कोपर वर. मी फेकला. आयुष्यात इतका चांगला चेंडू मी पुन्हा फेकला नाही. माइस्टरांनी जाळी भिरकावून दिली होती, चेंडू नीट दिसावा म्हणून. ते उजवीकडे, माझ्याकडे तोंड करून उभे होते. हात सुटताच मी ओरडलो, "डावी!" सगळा संघ ओरडला. मैदानावरचे शिपाई ओरडत होते, हमालांची पोरं पिंपं बडवत होती.

चेंडू त्यांच्या हातमोज्यात बसला, आणि पुढच्याच क्षणी तो बैल त्यांच्या अंगावर गेला. हाडावर हाड आपटल्याचा आवाज मला तेवढ्या लांबून आला. माइस्टर मागे उडाले. पुढारी त्यांच्यावरून पुढे कोलमडला आणि उठण्यासाठी त्याने पाय रोवला, तो लोखंडी दात्यांचा पाय माइस्टरांच्या तोंडावर पडला.

मी धावत पोचलो ते माइस्टरांकडे नाही. मी त्या माणसाकडे गेलो. सभेत माझ्या पाठीला पाठ लावून लढला होता तोच. मी त्याला खाली पाडलं, छातीवर बसलो आणि मारत राहिलो. त्याच्या नाकाचं हाड माझ्या मुठीखाली सरकल्याचं मला कळलं आणि तरी मारत राहिलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. भोवती दोन्ही संघ बॅटी घेऊन भिडले होते. कुणाचा तरी हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं, शिपायांनी शिट्ट्या फुंकल्या. त्या सगळ्यात घरापाशी एक माणूस पडलेला आहे हे फक्त दोघांना आठवत होतं. सार्जंट गुडघ्यावर बसला होता, आणि माझी बायको. तिने पदराची घडी करून माइस्टरांच्या तोंडावर दाबून धरली होती आणि ती घडी लाल झाली होती. ती मला म्हणाली, "अहो, पुरे करा. त्यांना उचला." ओरडून नाही, घरात सांगतात तसं. मी उठलो.

पदर बाजूला केला तेव्हा काचेचा डोळा जसाच्या तसा होता. फिका निळा, कोरडा, आकाशाकडे बघणारा. त्याच्या शेजारी काही नव्हतं. माइस्टरांच्या हातात चेंडू होता. बोटं सोडवून घ्यावी लागली. सार्जंटने उभं राहून, नियमाप्रमाणे, मूठ वर करून सांगितलं की तो बाद आहे. आम्ही जिंकलो होतो.

अंतिम सामना पुढच्या रविवारी झाला. मी खेळलो. का खेळलो हे विचारू नका. माइस्टरांनी निरोप धाडला होता की खेळलंच पाहिजे. उत्तरेकडच्यांनी आमचा धुव्वा उडवला. अर्धा संघ पट्ट्यांत होता, आणि कॅचरच्या जागी उभ्या केलेल्या पोस्टमनला उकिडवं बसताही येत नव्हतं. प्रेक्षक मधेच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इस्पितळात गेलो. डोक्यापासून नाकापर्यंत पांढऱ्या पट्ट्या, खाली सुजलेलं तोंड. खाटकीणबाई खिडकीजवळ सफरचंद सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी मान हलवली. घडल्या प्रकारावर त्या कुणाशीच बोलत नव्हत्या, असं ही म्हणाली होती.

माइस्टरांना सामन्याची हकिगत हवी होती. मी सांगितली. किती लोक आले, उत्तरेकडचे कोणत्या रंगाचे कपडे घालून आले, झेंडे होते का, बँड होता का. बँड होता म्हटल्यावर त्यांचं तोंड हसलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "अंतिम सामन्याला बँड असतोच." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माइस्टर, गोंगाट फार होता. आम्ही सगळे ओरडलो, पण तुम्हाला ऐकू गेलं नाही."

"गेलं की," ते म्हणाले. "तुझाच आवाज होता."

खाटकीणबाईंची सुरी थांबली.

"मग तुम्ही सरला का नाहीत?"

"सरलो असतो तर तो घरात शिरला असता. बरोबरी झाली असती. म्हणून त्याच्याकडे तोंड केलं, पाय रोवले आणि थांबलो." मग म्हणाले, "तोंड केलं नसतं तर लागलं असतं डावीकडे. काचेवर. डॉक्टरही तेच म्हणाला. पण बघ, दुसऱ्या नंबरचे होतो आपण, आणि अंतिमला गेलो. पुढच्या वर्षी तिकडेही तेच करणार आहेत ना? करू दे. चारच का, आणखीही घ्यावेत."

खाटकीणबाई उठल्या. सफरचंद त्यांनी खिडकीत ठेवलं, सुरी त्याच्या शेजारी ठेवली, हात ॲप्रनला पुसले. पलंगाला वळसा घालून त्या माइस्टरांच्या उशाशी आल्या. मला वाटलं, उशी सरळ करायला आल्या. त्यांनी हात मागे नेला आणि पट्ट्यांच्या खाली, सुजलेल्या गालावर, ताकदीने थप्पड मारली.

माइस्टरांचे दोन्ही हात झटकन वर आले आणि छातीपुढे उघडे थांबले. डोकं आधी माझ्या बाजूला वळलं, मग दुसऱ्या बाजूला. ते विचारत होते, "कोण? कोण आहे?"

बाई तिथेच उभ्या होत्या, हातभर अंतरावर. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मलाही कोण ते सांगवेना.